प्रकाशाची सरळ वाट आणि सावली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळकरी मुलं, त्यांचे पालक आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक सावलीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढे गुंता वाढत जातो. एक युक्ती मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत उपयोगी पडते, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो. जिथे सावली पडली आहे तिथे एक मुंगी बसली आहे असं समजा आणि तिला विचारा, ‘तुला तिथून दिवा दिसतो का? अख्खा दिसतो, थोडा दिसतो, की मुळीच नाही?’ सावलीची बहुतेक कोडी मुंगीच्या उत्तरातून सुटतात.

१. प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणजे नेमकं काय?

दिव्यापासून प्रकाश सगळीकडे पसरतो, पण त्यातला प्रत्येक किरण आपापल्या दिशेने नाकासमोर जातो. वाटेत काही आडवं आलं तर पाण्यासारखा वळसा घालून पलीकडे पोचत नाही. पुस्तकात याला ‘प्रकाशाचे एकरेषीय संक्रमण’ म्हणतात. मात्र त्याला एक अट आहे: माध्यम एकच आणि सगळीकडे सारखं असलं पाहिजे. हवेतून पाण्यात शिरताना किंवा थंड हवेतून गरम हवेत जाताना ही अट मोडते. ती गोष्ट प्रश्न १९ मध्ये आहे.

आरशावर आपटून प्रकाश दिशा बदलतो, तेव्हाही आरशापर्यंतची वाट सरळच असते आणि तिथून पुढचीही. निर्वात पोकळीत त्याचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटरहून थोडा जास्त आहे, म्हणजे ढोबळमानाने तीन लाख किलोमीटर.

२. हे घरी कसं तपासता येईल?

तीन पुठ्ठे घ्या, तिन्हींना सारख्याच उंचीवर बारीक भोक पाडा आणि एकामागे एक उभे करा. तिन्ही भोकांतून एक दोरा ओवून तो ताणून धरा, पुठ्ठे नीट लावा आणि मग दोरा काढून घ्या. पहिल्या पुठ्ठ्यापुढे ठेवलेला दिवा तिसऱ्या पुठ्ठ्यामागून दिसेल. आता मधला पुठ्ठा बोटभर सरकवा. दिवा गायब.

बरेच जण दोऱ्याची पायरी गाळतात आणि भोकं नजरेने जुळवतात. तसं करू नका. नजरेने जुळवणं म्हणजे प्रकाशाची वाट प्रकाशानेच मोजणं. ताणलेला दोरा प्रकाशावर अवलंबून न राहता सरळ असतो, म्हणून तुलना खरी ठरते.

३. प्रकाशाचा किरण बाजूने दिसत नाही म्हणतात, मग अंधारात टॉर्चचा झोत कसा दिसतो?

दिसते ती हवेतली धूळ, धूर किंवा धुकं. प्रकाश डोळ्यात शिरल्याशिवाय काहीच दिसत नाही आणि तुमच्या समोरून आडवा जाणारा झोत तुमच्या डोळ्यात शिरत नाही. वाटेतले कण त्यातला थोडा प्रकाश इकडेतिकडे विखुरतात, तो आपल्यापर्यंत येतो. बंद खोलीत फटीतून येणाऱ्या तिरीपेत नाचणारे कण दिसतात ते यामुळेच. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तिथे टॉर्च लावला तर झोत दिसणार नाही, फक्त जमिनीवरचा उजेडाचा ठिपका दिसेल.

४. सावली पडण्यासाठी काय काय लागतं?

प्रकाशाचा स्रोत, वाटेत येणारी अपारदर्शक वस्तू आणि सावली झेलणारा पृष्ठभाग, असं उत्तर परीक्षेत लिहितात आणि ते बरोबर आहे. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. सावली ही भिंतीवरची चपटी आकृती नाही. वस्तूच्या मागे, भिंतीपर्यंतची सगळी जागा अंधारलेली असते. भिंत त्या अंधाराचा फक्त एक काप दाखवते. मधल्या जागेत कागद धरलात तर त्यावरही सावली दिसेल.

रात्र म्हणजे अशीच एक सावली आहे, आपण तिच्या आत उभे असतो. सूर्य मावळताच पूर्वेकडे क्षितिजाजवळ करड्या-निळ्या रंगाचा पट्टा वर चढताना दिसतो. आकाश स्वच्छ असेल तर त्याच्यावर गुलाबी किनारही असते. तो पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. पूर्वेचं क्षितिज मोकळं असेल अशा ठिकाणी जाऊन हे एकदा तरी पाहाच.

५. सावली आणि आरशातलं प्रतिबिंब यांत फरक काय?

प्रतिबिंब प्रकाश आल्यामुळे होतं, सावली प्रकाश न आल्यामुळे. म्हणून प्रतिबिंबात डोळे, रंग, हसू सगळं दिसतं आणि सावलीत फक्त कडेची रेषा. लहान मुलं चित्रातल्या सावलीला नाक-डोळे काढतात, तेव्हा ‘चूक’ म्हणण्याआधी त्यांना उन्हात नेऊन सावलीत डोळे शोधायला लावा.

६. दिव्याखाली अंधार का असतो?

कारण ज्योत वर असते आणि तिच्या खाली दिव्याचंच बूड आडवं येतं. तिथे बसलेल्या मुंगीला ज्योत दिसत नाही. छताला टांगलेल्या बल्बच्या बाबतीत हाच अंधार वर, छताच्या बाजूला जातो.

७. सावली पूर्ण काळी का नसते? दिवसा सावलीत बसून वाचता कसं येतं?

मुंगीला सूर्य दिसत नाही, पण आकाश दिसतं, समोरची भिंत दिसते, ढग दिसतात. या सगळ्यांकडून विखुरलेला प्रकाश तिच्यापर्यंत येतो. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून उघड्यावरच्या सावलीत थोडी निळसर झाक असते. पांढऱ्या बर्फावर ती स्पष्ट कळते. चंद्रावर आकाश दिवसाही काळं असतं, त्यामुळे तिथल्या सावल्या फार गडद असतात. तरीही त्या पूर्ण काळ्या नसतात, कारण आजूबाजूच्या उजळ जमिनीवरून थोडा प्रकाश तिथे पोचतोच.

८. हात भिंतीजवळ असला की सावली रेखीव आणि लांब नेला की कडा धूसर. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर नीट समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

चूक इथे होते: आपण सगळं लक्ष हाताकडे देतो आणि दिव्याकडे बघतच नाही. दिवा हा एक बिंदू असता तर मुंगीला तो एक तर दिसला असता किंवा दिसला नसता आणि सावलीची कड सुरीने कापल्यासारखी आली असती. पण खरा दिवा रुंद असतो. सूर्यही बिंदू नाही, आकाशातली अर्ध्या अंशाची चकती आहे. त्यामुळे सावलीच्या कडेला एक पट्टा असा येतो, की तिथल्या मुंगीला हाताआडून अर्धाच सूर्य दिसतो. तिला अर्धा प्रकाश मिळतो, म्हणून तो पट्टा करडा. या पट्ट्याला उपच्छाया म्हणतात आणि जिथून सूर्य अजिबात दिसत नाही त्या गडद भागाला प्रच्छाया. हात भिंतीपासून जितका दूर, तितका हा करडा पट्टा रुंद आणि प्रच्छाया अरुंद होत जाते. शेवटी ती संपते.

उन्हात ती कुठे संपते याचा हिशेब फार सुंदर आहे. सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर आणि त्याचं अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे व्यासाच्या जवळजवळ १०८ पट. म्हणून उन्हातल्या कुठल्याही वस्तूची प्रच्छाया तिच्या रुंदीच्या सुमारे १०८ पट अंतरावर संपते. दीड सेंटिमीटर जाडीच्या बोटाची प्रच्छाया सुमारे १.६ मीटरवर संपते. सात मिलिमीटरच्या पेन्सिलीची पाऊण मीटरवर. केसाची तर सेंटिमीटरभरही पुरत नाही. पेन्सिल कागदापासून हळूहळू वर नेत जा, मधली काळी रेघ बारीक होत होत नाहीशी होताना दिसेल आणि उरेल फक्त एक फिकट करडी पट्टी.

मोठ्या ट्यूबलाइटखाली सावली जवळजवळ पडत नाही आणि मोबाइलच्या टॉर्चखाली ती धारदार पडते, त्याचंही कारण हेच. ट्यूब लांब, टॉर्च बारका. ट्यूबला समांतर पेन्सिल धरा आणि मग आडवी धरा. सावलीतला फरक बघून मोठी माणसंसुद्धा चकित होतात.

९. खूप उंच उडणाऱ्या घारीची किंवा विमानाची सावली जमिनीवर का दिसत नाही?

वरचाच १०८ चा नियम लावा. घारीचा पंख साधारण ३० सेंटिमीटर रुंद धरला तर त्याची गडद सावली ३२ मीटरच्या आसपास संपते. विमानाचं धड चार मीटर रुंद धरलं तर ती सुमारे ४३० मीटरवर संपते, आणि विमान उडतं दहा किलोमीटर उंचीवर. खाली उभ्या माणसाला विमान सूर्याच्या चकतीवरून सरकणाऱ्या छोट्या ठिपक्यासारखं असतं. प्रकाश इतका थोडा कमी होतो, की डोळ्याला कळत नाही. सावली नाहीशी झालेली नसते, ती पसरून फिकी पडलेली असते. लांब वस्तूंच्या बाबतीत हिशेब अरुंद बाजूचा करायचा हे लक्षात ठेवा.

१०. दिव्याजवळ गेल्यावर भिंतीवरची सावली प्रचंड होते, पण उन्हात असं का होत नाही?

दिव्यापासून तुमच्यापर्यंत एक मीटर आणि भिंतीपर्यंत चार मीटर असेल तर सावली तुमच्या चौपट. किरण सरळ जातात, म्हणून लहान आणि मोठा असे दोन समरूप त्रिकोण तयार होतात. बाकी सगळं भूमितीचं काम. तुम्ही दिव्याकडे अर्धा मीटर सरकलात तर प्रमाण बदलून सावली आठपट होते. सूर्यापासूनचं अंतर कोट्यवधी किलोमीटर असल्यावर तुम्ही दोन पावलं पुढे गेलात काय आणि मागे गेलात काय, प्रमाण बदलत नाही. म्हणून सूर्याचे किरण आपण समांतर धरतो.

११. सकाळ-संध्याकाळ सावली लांब आणि दुपारी आखूड. ती कधी पूर्ण नाहीशी होते का?

सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर असला की सावली तुमच्या उंचीइतकी असते. ३० अंशांवर ती उंचीच्या १.७३ पट आणि १० अंशांवर साडेपाच पटींहून जास्त होते. सूर्य बरोबर डोक्यावर आला तर सावली पायाखाली जाते. मात्र ‘रोज दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे खरं नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे २३.५ अंशांपर्यंतच्या प्रदेशातच हे घडतं आणि तिथेही वर्षातून दोनच दिवस. त्यांना शून्य सावली दिवस म्हणतात. बरोबर त्या वृत्तांवर तो दिवस वर्षातून एकदाच येतो. त्यापलीकडच्या प्रदेशात सावली कधीच नाहीशी होत नाही.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने याच गोष्टीवरून पृथ्वीचा परीघ काढला. इजिप्तमधल्या सायीनी, म्हणजे आजच्या अस्वान, इथे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्हाला सावली पडत नव्हती. त्याच वेळी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात सूर्य डोक्यापासून सुमारे ७.२ अंश कललेला होता. किरण समांतर आणि सरळ असतील, तर हा फरक जमिनीच्या गोलाईचा. ७.२ अंश म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून परीघ त्या दोन गावांमधल्या अंतराच्या पन्नासपट. एक काठी, एक सावली आणि सरळ रेषेवरचा विश्वास, एवढ्यावर हे झालं.

१२. झाडाखाली पडणारे कवडसे गोल का असतात? पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या असतात.

कारण कवडसा हे फटीचं चित्र नाही, सूर्याचं आहे. फट बारीक आणि जमीन दूर असेल तर प्रत्येक फट सूर्याची एक गोल प्रतिमा खाली टाकते. तिचा आकार त्याच १०८ च्या हिशेबात बसतो: फट चार मीटर उंच असेल तर कवडसा सुमारे पावणेचार सेंटिमीटरचा. सूर्य कललेला असला की तो लंबगोल होतो. पानं जमिनीजवळ असतील किंवा फट मोठी असेल तर मात्र फटीचाच आकार उमटतो.

खात्री करून घ्यायची तर खंडग्रास सूर्यग्रहणाची वाट पाहा. त्या दिवशी झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पडतात. चाळणी धरली तरी चालते. हे बघताना पाठ सूर्याकडे आणि नजर जमिनीकडे ठेवायची. भोकातून सूर्याकडे बघायचं नाही, ग्रहणातही नाही आणि एरवीही नाही. डोळ्याला कायमची इजा होते आणि ती होताना दुखतही नाही.

१३. सूचिछिद्र कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी का येते? आणि भोक मोठं केलं तर चित्र जास्त उजळ होईल ना?

झाडाच्या शेंड्यापासून निघालेला किरण भोकातून सरळ जातो तो खालच्या बाजूला पोचतो, बुंध्याचा किरण वर जातो. डावं-उजवंही तसंच बदलतं. किरण वळत असते तर हे असं झालंच नसतं, म्हणून सरळ रेषेचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम याने अंधाऱ्या खोलीतल्या अशा प्रतिमांचा आणि ग्रहणाच्या कोरीचा बारकाईने अभ्यास केला होता.

भोक मोठं केलं तर उजेड वाढतो पण चित्र पुसट होतं, कारण वस्तूचा प्रत्येक बिंदू पडद्यावर एक मोठा ठिपका टाकतो आणि ठिपके एकमेकांवर चढतात. मग भोक जितकं बारीक तितकं चांगलं का? एका मर्यादेपर्यंत. फारच बारीक केलं की चित्र पुन्हा बिघडतं. त्याचं कारण प्रश्न २० मध्ये आहे.

१४. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात ना?

नाही. हा गैरसमज खूप पसरलेला आहे. चंद्राचा अर्धा भाग सूर्याने नेहमीच उजळलेला असतो. आपण कुठून पाहतो त्यावर त्यातला किती भाग दिसतो ते ठरतं. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. अर्धा चंद्र दिसतो तेव्हा तो सूर्यापासून ९० अंशांवर असतो, म्हणजे सावलीच्या जवळपासही नसतो. दिवसा चंद्र दिसत असेल तेव्हा उन्हात उभं राहून एक चेंडू हातभर अंतरावर चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरा. चेंडूवरही तीच कला दिसेल. त्यानंतर समजावण्यासाठी आकृती काढायची गरज पडत नाही.

१५. मग दर अमावास्येला आणि पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? आणि कंकणाकृती ग्रहण कधी होतं?

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक वेळा सावली वरून किंवा खालून निघून जाते. तिघे एका रेषेत आले तरच ग्रहण. ग्रहण म्हणजे चंद्राची आणि पृथ्वीची सावली, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये स्पष्ट मांडलं होतं.

कंकणाचं उत्तर पुन्हा १०८ मध्ये आहे. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, म्हणून त्याची प्रच्छाया सुमारे पावणेचार लाख किलोमीटर लांब. चंद्राचं पृथ्वीपासूनचं अंतर मात्र साधारण ३.५६ लाखांपासून ४.०७ लाख किलोमीटरपर्यंत बदलतं. जवळ असला तर प्रच्छायेचं टोक जमिनीला टेकतं आणि त्या छोट्या पट्ट्यात खग्रास ग्रहण दिसतं. दूर असला तर टोक वरच संपतं आणि चंद्राभोवती सूर्याची बांगडी उरते. बोटाची सावली आणि चंद्राची सावली एकाच नियमाने चालतात.

१६. खग्रास चंद्रग्रहणात चंद्र काळा न दिसता तांबडा का दिसतो?

चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची प्रच्छाया सुमारे नऊ हजार किलोमीटर रुंद असते, म्हणजे चंद्र तिच्यात सहज मावतो. आता मुंगीला चंद्रावर बसवा. तिला पृथ्वीआड गेलेला सूर्य दिसत नाही, पण पृथ्वीच्या कडेने हवेची एक तांबूस कड चमकताना दिसते. त्या हवेतून जाताना सूर्यप्रकाश किंचित आत वळतो आणि निळा भाग वाटेत विखुरला जातो. उरलेला तांबडा प्रकाश चंद्रावर पोचतो. पृथ्वीवर त्या क्षणी जिथे जिथे सूर्योदय आणि सूर्यास्त चालू आहेत, त्या सगळ्यांचा तो उजेड.

या ग्रहणात सावलीची कड नेहमी गोलाकारच दिसते, आणि ॲरिस्टॉटलने तो पृथ्वी गोल असल्याचा पुरावा मानला होता.

१७. काचेची, आगीची किंवा पाण्याची सावली पडते का?

साध्या काचेतून बहुतेक प्रकाश पार होतो, पण दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे आठ टक्के परत फिरतो. म्हणून तिची फिकट सावली पडतेच, आणि कडा तर चांगल्याच गडद दिसतात, कारण तिथे प्रकाश भलतीकडे वळतो.

मेणबत्तीच्या ज्योतीची सावली हवी असेल तर ज्योतीहून प्रखर प्रकाश लागतो, उदाहरणार्थ भर दुपारचं ऊन. काजळीचे कण थोडा प्रकाश अडवतात आणि वरची गरम हवा तो वाकवते. भिंतीवर लहरणाऱ्या रेषा दिसतात. या सावल्या अडवण्याच्या कमी आणि वळवण्याच्या जास्त असतात.

उथळ पाण्यावर चालणारे लांब पायांचे किडे पाहिलेत का? त्यांच्या काडीसारख्या पायांची सावली तळाशी मोठ्या गोल डागांसारखी पडते आणि डागांभोवती झळझळीत कड असते. पायाखाली पाण्याला खळगा पडतो, खळगा प्रकाश बाजूला फेकतो. डाग खळग्याचा असतो, पायाचा नसतो.

१८. सावली रंगीत असू शकते का?

हो. लाल आणि हिरवा असे दोन दिवे एका पांढऱ्या भिंतीवर पाडा. जिथे दोन्ही पोचतात तिथे भिंत पिवळी दिसेल. मध्ये काठी धरली की लाल दिव्याची सावली हिरवी दिसते, कारण तिथल्या मुंगीला फक्त हिरवा दिवा दिसतो. रंगीत दिवे नसतील तर तिन्हीसांजेला खिडकीजवळ पिवळा बल्ब लावून कागदावर पेन्सिल उभी करा. बल्बची सावली निळसर आणि खिडकीच्या उजेडाची सावली नारिंगी येते.

१९. पाण्यात काठी वाकडी दिसते, मृगजळ दिसतं, फायबरमधून प्रकाश वळणं घेत जातो. मग ‘सरळ रेषा’ खोटीच ना?

प्रश्न १ मधली अट आठवा. पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर होतो, काचेत सुमारे दोन लाख. तिरका शिरताना वेग बदलला की दिशा बदलते, हे अपवर्तन. पण पाण्याच्या आतली वाट सरळच असते, मोड फक्त पृष्ठभागावर येतो. ऑप्टिकल फायबरमध्येही प्रकाश आतल्या भिंतींवर पुन्हा पुन्हा परावर्तित होत पुढे जातो.

खरी वक्र वाट हवी असेल तर ती हवेत मिळते. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ, वरची दाट. त्यामुळे आकाशाकडून खाली येणारा प्रकाश हळूहळू वर वळतो आणि रस्त्यावर आकाशाचा तुकडा पाण्यासारखा चमकतो. सूर्यास्ताच्या वेळी हवा सूर्याला अर्ध्या अंशाहून किंचित जास्त उचलून दाखवते. हे सूर्याच्या चकतीपेक्षा जास्त आहे. म्हणजे सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली आपण बघत असतो, तेव्हा सरळ रेषेच्या हिशेबाने तो पूर्ण मावळलेला असतो.

मोठ्या वस्तुमानाजवळही वाट वळते. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या कडेजवळच्या ताऱ्यांच्या जागा मोजून हे तपासलं गेलं. सूर्याला खेटून जाणारा किरण सुमारे १.७५ विकलांनी वळतो, म्हणजे एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतका. घरातल्या सावलीवर याचा काहीच परिणाम होत नाही.

२०. कोपऱ्याआडचा माणूस बोलला तर ऐकू येतं, पण दिसत नाही. आवाज वळतो, मग प्रकाश का नाही?

दोन्ही लाटाच आहेत, फरक लांबीचा आहे. हजार हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी हवेत सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे दाराच्या रुंदीशी तुलना करण्याजोगी. अशी लाट कडेवरून सहज आत वळते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये अशा जवळजवळ दोन हजार लाटा मावतात. तिला दार म्हणजे अफाट मैदान. म्हणून ती सरळ गेल्यासारखी वागते.

पण वळते तीही. याला विवर्तन म्हणतात आणि इटलीतल्या ग्रिमाल्दीने केलेलं त्याचं वर्णन १६६५ मध्ये छापलं गेलं. दोन बोटं जवळजवळ चिकटवून डोळ्यासमोर धरा आणि मधल्या फटीतून पांढऱ्या उजळ भिंतीकडे बघा. फटीत बारीक काळ्या रेघा दिसतील.

याच्याशी जोडलेली एक घटना मला फार आवडते. १८१८ मध्ये फ्रेनेलने प्रकाश लाट आहे असं मांडणारा निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत दिला. परीक्षकांपैकी पॉयसाँला ते पटत नव्हतं. त्याने फ्रेनेलचंच गणित पुढे नेऊन दाखवलं, की मग गोल चकतीच्या सावलीच्या अगदी मध्यभागी उजेडाचा ठिपका दिसायला हवा, आणि हे तर अशक्य. अरागोने प्रयोग करून पाहिला. ठिपका होता.

२१. दोन सावल्या जवळ आणल्या की त्या एकमेकींना ओढल्यासारख्या फुगतात. हे काय आहे?

उन्हात दोन बोटं भिंतीपासून हातभर दूर धरा, एक किंचित पुढे, एक मागे आणि सावकाश जवळ आणा. सावल्या भेटण्याआधीच त्यांच्यामध्ये काळा फुगवटा उठतो. ओढ वगैरे काही नाही. दोन्ही उपच्छाया एकमेकींवर आल्या आहेत. तिथल्या मुंगीसमोर एका बोटाने सूर्याची डावी बाजू झाकली, दुसऱ्याने उजवी. एकेकट्याने करडा उजेड उरला असता, दोघांनी मिळून सूर्य पूर्ण झाकला.

२२. ढगांच्या फटीतून किरण पंख्यासारखे पसरतात. ते समांतर असतात असं तर प्रश्न १० मध्ये म्हटलं आहे.

समांतरच असतात. सरळ रेल्वेमार्गाचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात, तोच परिणाम. उलट बाजूला वळून बघितलंत तर कधी कधी तेच पट्टे सूर्याच्या विरुद्ध दिशेला पुन्हा एकत्र येताना दिसतात.

२३. सावली प्रकाशापेक्षा वेगाने पळू शकते का?

हो, आणि त्याने कुठलाही नियम मोडत नाही. समजा चंद्रापर्यंत पोचणारा बारीक झोत तुमच्या हातात आहे. चंद्र आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो. हात सेकंदाला ५० अंश या वेगाने फिरवणं सहज जमतं, म्हणजे चंद्राची चकती ओलांडायला एक शतांश सेकंद. तेवढ्यात ठिपका ३,४७४ किलोमीटर सरकतो. हा वेग सेकंदाला ३.४७ लाख किलोमीटर झाला. झोतासमोर धरलेल्या काडीची सावलीही तशीच पळेल. पण चंद्राच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर काहीच गेलेलं नसतं. प्रत्येक ठिकाणी पडलेला उजेड किंवा अंधार तुमच्या हातापासून वेगवेगळा निघालेला असतो आणि तिथे पोचायला त्याला सुमारे १.३ सेकंद लागलेलेच असतात.

अंधारालाही असा उशीर होतो, आणि तो प्रत्यक्ष मोजला गेला आहे. गुरूचा उपग्रह आयो दर फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो आणि बाहेर पडतो. पृथ्वी गुरूपासून दूर जात असते त्या महिन्यांत या वेळा हळूहळू मागे पडतात, जवळ येताना पुन्हा पुढे सरकतात. १६७६ मध्ये डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर याने सांगितलं, की आयो उशीर करत नाही. त्या सावलीची बातमी घेऊन येणाऱ्या प्रकाशाला जास्त अंतर कापावं लागतं. प्रकाशाला वेग आहे, तो एका क्षणात सगळीकडे पोचत नाही, हे त्यातून कळलं.